कौटुंबिक डॉक्टरांचे व्यवसायविकासाचे पर्याय

कौटुंबिक डॉक्टर म्हणजे कुटुंबातील सर्व वयांच्या व्यक्तींना, आजार कोणत्या अवयवाचा वा कोणत्या प्रकारचा आहे असा भेद न करता, प्रथम संपर्काची व दीर्घकाळ सातत्याची सेवा देणारा वैद्यकीय व्यावसायिक होय. बोलीभाषेत त्यास 'फॅमिली डॉक्टर' किंवा 'घरचे डॉक्टर' असे म्हणतात. या सेवेच्या शास्त्रीय अभ्यासशाखेस कौटुंबिक वैद्यक अशी संज्ञा आहे. एम.बी.बी.एस. पदवीनंतर या क्षेत्रात राहू इच्छिणाऱ्या डॉक्टरांपुढे पदव्युत्तर शिक्षण, शासकीय सेवा, स्वतंत्र दवाखाना, सार्वजनिक आरोग्य, संशोधन, अध्यापन व परदेशातील सेवा असे अनेक पर्याय असतात. महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील पाथरी (जि. परभणी) यांसारख्या तालुक्याच्या गावांच्या संदर्भात या पर्यायांचे दोन गट पडतात. काही पर्यायांत डॉक्टरची प्रगती होते, परंतु तो गाव आणि कौटुंबिक व्यवसाय या दोहोंपासून दूर जातो. इतर पर्यायांत तो त्याच रुग्णांमध्ये राहून अधिक सक्षम होतो. दुसऱ्या गटातील वाटा संख्येने कमी असून त्यांना औपचारिक मान्यता उशिरा मिळाली आहे.

स्वरूप

कौटुंबिक वैद्यकात प्रथम संपर्क, सातत्य, सर्वसमावेशकता व समन्वय ही चार तत्त्वे मूलभूत मानली जातात. तज्ज्ञ डॉक्टरकडे रुग्ण बहुधा विशिष्ट आजारासाठी जातो. कौटुंबिक डॉक्टरकडे तो तक्रार घेऊन येतो आणि त्या तक्रारीमागे कोणता आजार आहे, किंवा आजार आहे की नाही, हे ठरविण्यापासून डॉक्टरचे काम सुरू होते. बालकांचे लसीकरण, गर्भवतीची तपासणी, मधुमेह व उच्च रक्तदाब यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा, वृद्धांची शुश्रूषा, मनोविकारांची प्राथमिक ओळख आणि योग्य वेळी तज्ज्ञाकडे पाठविणे ही या डॉक्टरची प्रमुख कार्ये होत.

पाथरी हे परभणीच्या पश्चिमेस, कल्याण–निर्मल महामार्गावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. गोदावरी खोऱ्यातील या भागाचे अर्थकारण मुख्यतः कापूस, सोयाबीन व ऊस या पिकांवर चालते. त्यामुळे नेहमीच्या आजारांच्या जोडीने सर्पदंश, विंचूदंश, कीटकनाशकांची विषबाधा व शेतीकामातील इजा यांचे रुग्णही येथील डॉक्टरांकडे प्रथम येतात. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत उपचारांतील सातत्य टिकविणे हा वेगळाच प्रश्न असतो. अशा ठिकाणी डॉक्टरला लागणारी कौशल्ये शहरी दवाखान्यातील कौशल्यांहून अधिक विस्तृत असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात भारतातील खेड्यापाड्यांतील वैद्यकीय सेवा मोठ्या प्रमाणावर परवानाधारक डॉक्टरांवर अवलंबून होती. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या संस्थेची एल.सी.पी.एस. ही अर्हता धारण करणारे डॉक्टर अनेक लहान गावांत व्यवसाय करीत. पाथरी व परभणीचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथील आधुनिक वैद्यकीय शिक्षण हैदराबाद शहरात केंद्रित झालेले होते. मराठवाड्यात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात परवानाधारकांचा लघुअभ्यासक्रम बंद करून एकाच प्रकारचा 'मूलभूत डॉक्टर' घडवावा, अशी शिफारस केली. हा डॉक्टर समाजाभिमुख असावा, अशी समितीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुढील काळात पदव्युत्तर शिक्षणाचा विस्तार मुख्यतः तज्ज्ञशाखांत झाला आणि मूलभूत डॉक्टरसाठी पदवीनंतरची स्वतंत्र शैक्षणिक वाट दीर्घकाळ निर्माण झाली नाही. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जागतिक पुरस्कार केला. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्य व कौटुंबिक वैद्यक या दोन शाखांतील तज्ज्ञांची गरज स्पष्टपणे मांडली गेली, तर २०१७ च्या धोरणाने या शाखेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रसाराचा आग्रह धरला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ मध्येही कौटुंबिक वैद्यकातील पदव्युत्तर शिक्षणास उत्तेजन देण्याची तरतूद आहे.

व्यावसायिकांच्या पातळीवर, इंडियन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये सामान्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र महाविद्यालय स्थापन केले. ॲकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्स ऑफ इंडिया ही संस्था २०१० मध्ये स्थापन झाली. कौटुंबिक डॉक्टरांची 'वोंका' ही जागतिक संघटना १९७२ पासून कार्यरत असून तिच्या पुढाकाराने २०१० पासून १९ मे हा दिवस जागतिक कौटुंबिक डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो.

पदव्युत्तर शिक्षण

एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. पुढील पदव्युत्तर प्रवेश 'नीट-पीजी' या परीक्षेद्वारे होतात. कौटुंबिक वैद्यकासाठी उपलब्ध असलेले मुख्य अभ्यासक्रम पुढीलप्रमाणे आहेत.

डी.एन.बी. (कौटुंबिक वैद्यक): राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळाचा हा तीन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे. विद्यार्थ्यास सामान्य वैद्यक, शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती इत्यादी विभागांत आळीपाळीने काम करावे लागते व प्रबंध सादर करावा लागतो. ज्या रुग्णालयांत या सर्व शाखांचे रुग्ण पुरेशा संख्येने येतात तेथे हा अभ्यासक्रम चालविता येतो.

दोन वर्षांची पदविका: याच मंडळाने २०२० च्या सुमारास एम.बी.बी.एस. नंतरच्या दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या. त्यांत भूलशास्त्र, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती यांच्यासोबत कौटुंबिक वैद्यकाचाही समावेश आहे. जिल्हा पातळीवरील रुग्णालयांत तज्ज्ञ मनुष्यबळ तयार व्हावे, हा या पदविकांचा एक उद्देश होता.

एम.डी. (कौटुंबिक वैद्यक): वैद्यकीय महाविद्यालयांतून हा अभ्यासक्रम फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे. केरळमधील कोळिकोड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे त्याच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होय.

दूरस्थ व अल्पमुदतीचे अभ्यासक्रम: वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने व्यवसाय करीत असलेल्या डॉक्टरांसाठी कौटुंबिक वैद्यकाचा संमिश्र दूरस्थ पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. दवाखाना बंद न ठेवता तो करता येत असल्याने लहान गावांतील डॉक्टरांना तो सोयीचा ठरतो. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) विविध विषयांतील अधिछात्रवृत्ती व प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालविते. मधुमेहासारख्या आजारांवरील प्रमाणपत्र अभ्यासक्रम पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फतही घेतले जातात. अशा प्रमाणपत्रांमुळे ज्ञान वाढते; तथापि त्यांच्या आधारे तज्ज्ञ अशी नोंदणी करता येत नाही.

पाथरीच्या सर्वांत जवळची शासकीय वैद्यकीय शिक्षणाची केंद्रे म्हणजे परभणी, अंबाजोगाई व नांदेड ही होत. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात, तर नांदेडचे महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले. परभणी येथील शासकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली. त्यामुळे जिल्ह्यातील विद्यार्थ्यास एम.बी.बी.एस. शिक्षण स्वतःच्याच जिल्ह्यात घेण्याची सोय प्रथमच उपलब्ध झाली.

शासकीय सेवा

राज्याच्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत सर्वसाधारण भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. डोंगरी व आदिवासी भागांत तो अनुक्रमे ३,००० व २०,००० असा आहे. त्यावरील स्तरावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय येतात. पाथरी येथे ग्रामीण रुग्णालय असून जिल्हा रुग्णालय परभणीस आहे.

महाराष्ट्र वैद्यकीय व आरोग्य सेवेत वैद्यकीय अधिकारी गट-अ हे पद एम.बी.बी.एस. पदवीधरांसाठी, तर गट-ब हे पद आयुर्वेद पदवीधरांसाठी असते. पदोन्नतीच्या दोन मुख्य शाखा आहेत. जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतील शाखेत प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी अशा पायऱ्या असतात. रुग्णालयीन शाखेत ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक, निवासी वैद्यकीय अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक ही पदे येतात. दोन्ही शाखांच्या वर परिमंडळाचे उपसंचालक असतात. परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर परिमंडळात मोडतो. पद जसजसे वाढते तसतसे प्रशासकीय काम वाढते व प्रत्यक्ष रुग्णसेवा कमी होते. रुग्णसेवेतच राहून वरिष्ठ होण्याची तरतूद या रचनेत मर्यादित आहे.

सेवेतील डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशासाठी सवलतीच्या योजना वेळोवेळी लागू करण्यात आल्या आहेत. एम.बी.बी.एस. अधिकाऱ्यांना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन तातडीची प्रसूतिसेवा व जीवरक्षक भूलतंत्र शिकविण्याचे कार्यक्रमही राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात सुरू झाले. तज्ज्ञ उपलब्ध नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीची अडलेली प्रसूती तेथेच होणार की रुग्णवाहिकेने परभणीस न्यावी लागणार, हे अनेकदा अशा प्रशिक्षित डॉक्टरच्या उपस्थितीवर ठरते.

२०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले. पुढे त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव देण्यात आले. या केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात व महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. राज्यात २०१४ पासून चालणाऱ्या १०८ रुग्णवाहिका सेवेत डॉक्टर रुग्णवाहिकेवरच असतो. १ मे २०२३ पासून राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' केंद्रांतूनही वैद्यकीय अधिकाऱ्यांना काम मिळते. यांतील बरीच पदे कंत्राटी स्वरूपाची असल्यामुळे त्यांत पदोन्नतीचा मार्ग स्पष्ट नसतो.

केंद्रीय स्तरावर संघ लोकसेवा आयोगाच्या एकत्रित वैद्यकीय सेवा परीक्षेद्वारे रेल्वेसह विविध सेवांत प्रवेश मिळतो. सैन्यदल वैद्यकीय सेवेत अल्पकालीन कमिशनचा पर्यायही उपलब्ध असतो.

स्वतंत्र दवाखाना

तालुक्याच्या गावात स्वतंत्र दवाखाना हा आजही सर्वाधिक स्वीकारला जाणारा पर्याय आहे. सकाळ-संध्याकाळचे बाह्यरुग्ण, एक-दोन खाटांची सलाइनची सोय, मदतीला कंपाउंडर व बाजारच्या दिवशी होणारी गर्दी असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असणे व त्यांपैकी एकाने प्रसूतिगृह चालविणे हीसुद्धा रूढ पद्धती आहे.

महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करण्यासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांकांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण पूर्ण करावे लागते. खाटा ठेवल्यास शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा (१९४९) लागू होतो व जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट २०१६ च्या नियमांनुसार करावी लागते. सोनोग्राफी करावयाची असल्यास गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील २०१४ च्या नियमांप्रमाणे एम.बी.बी.एस. डॉक्टरला सहा महिन्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

दवाखान्याचा विकास पुढील मार्गांनी होऊ शकतो: मधुमेह, दमा किंवा वृद्धसेवा यांसारख्या एखाद्या विषयात विशेष प्रावीण्य मिळविणे, रक्तचाचण्या व हृदयालेख यांची सोय करणे, अनेक डॉक्टरांनी मिळून सामूहिक दवाखाना काढणे, विमा कंपन्यांचे वैद्यकीय परीक्षक म्हणून काम करणे, तसेच औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी होणे. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाल्यामुळे दूरध्वनी व दृक्‌श्राव्य माध्यमातून सल्ला देण्यास निश्चित नियम मिळाले. लातूर येथे १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे व सहकाऱ्यांनी सुरू केलेले विवेकानंद रुग्णालय हे मराठवाड्यातील डॉक्टरांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या सेवेचे उल्लेखनीय उदाहरण होय. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण सन्मान मिळाला.

सार्वजनिक आरोग्य व संशोधन

महाराष्ट्रात लहान गावांत राहून व्यापक कार्य केलेल्या डॉक्टरांची मोठी परंपरा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षित करण्याची त्यांची पद्धती जगभर अभ्यासली गेली व १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था उभारली. घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले व पुढे ही पद्धती राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. मेळघाटातील बैरागड येथे सेवा देणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

दवाखान्यातील निरीक्षणातून संशोधन कसे घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंची बारकाईने नोंद ठेवली. पुढे एम.डी. होऊनही त्यांनी महाडसारख्या लहान शहरातच व्यवसाय केला. रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशात होणारा उपयोग त्यांनी दाखवून दिला व त्यांचे निष्कर्ष १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसतानाही, व्यवस्थित नोंदी व दीर्घकाळचा पाठपुरावा यांच्या बळावर संशोधन शक्य होते, हे यावरून दिसते.

या क्षेत्राच्या औपचारिक शिक्षणासाठी सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीचा पर्याय असतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था व पुण्याचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे असे अभ्यासक्रम आहेत.

अध्यापन

वैद्यकीय महाविद्यालयांत कौटुंबिक वैद्यकाचे स्वतंत्र विभाग विरळ असल्याने या शाखेत अध्यापकपदे कमी आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या भोपाळ, जोधपूर इत्यादी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांत सामुदायिक व कौटुंबिक वैद्यक असे संयुक्त विभाग स्थापन झाले. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात पदवीधराने प्रथम संपर्काचा डॉक्टर म्हणून सक्षम असावे, असे ध्येय नमूद आहे. पुढे विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करण्याचा उपक्रमही अनिवार्य झाला. तरीही विद्यार्थी बहुतांश काळ तज्ज्ञांच्याच हाताखाली शिकतो व कौटुंबिक डॉक्टर त्याला शिक्षक म्हणून क्वचितच भेटतो.

परदेशातील संधी

ब्रिटनमध्ये कौटुंबिक वैद्यक ही आरोग्यव्यवस्थेची मुख्य शाखा असून तेथील सामान्य व्यावसायिकांचे रॉयल कॉलेज १९५२ मध्ये स्थापन झाले. त्या प्रशिक्षणाचा कालावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा असतो. या महाविद्यालयाची दक्षिण आशियासाठी आंतरराष्ट्रीय सदस्यत्व परीक्षाही आहे. मात्र केवळ तिच्या आधारे ब्रिटनमध्ये व्यवसायाचा परवाना मिळत नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये कौटुंबिक वैद्यकास स्वतंत्र विशेषज्ञशाखेचा दर्जा मिळाला व तेथेही निवासी प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. कॅनडात ते दोन वर्षांचे आहे. या देशांत कौटुंबिक डॉक्टर होणे ही स्वतंत्र पदव्युत्तर निवड असते. भारतात पदव्युत्तर प्रवेश न मिळाल्यामुळे उरलेला मार्ग, अशी तिच्याविषयी समजूत अद्याप आढळते.

आयुर्वेद व होमिओपॅथी पदवीधर

पाथरीसारख्या तालुक्यांत कौटुंबिक डॉक्टरांमध्ये बी.ए.एम.एस. व बी.एच.एम.एस. पदवीधरांचा वाटा मोठा असतो. राज्य शासनाने महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये १९९२ मध्ये काढलेल्या आदेशांनुसार विशिष्ट आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. १९९८ च्या मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी मुभा राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे स्पष्ट केले. त्यापूर्वी १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात, पुरेशा अर्हतेशिवाय दुसऱ्या पद्धतीची औषधे देणाऱ्या होमिओपॅथी व्यावसायिकास न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले होते. २०१४ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून होमिओपॅथी पदवीधरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणला. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यास विरोध केला व हा वाद न्यायालयात गेला. या पदवीधरांना कौटुंबिक वैद्यकाच्या डी.एन.बी. किंवा एम.डी. अभ्यासक्रमांना प्रवेश मिळत नाही. त्यामुळे खेड्यांतील प्रथम संपर्काच्या सेवेचा मोठा भाग या शाखेच्या औपचारिक प्रशिक्षणाबाहेर राहतो.

अडचणी

तालुका पातळीवर राहू इच्छिणाऱ्या डॉक्टरपुढील अडचणी शैक्षणिक, आर्थिक व नैतिक अशा तिहेरी आहेत. निवासी अभ्यासक्रमासाठी दोन-तीन वर्षे दवाखाना बंद ठेवल्यास रुग्ण दुरावतात व उत्पन्न थांबते. पदव्युत्तर पदवी नसल्यास समाजात 'केवळ एम.बी.बी.एस.' असा शेरा मिळतो. पदवी मिळाल्यावर मुलांचे शिक्षण, जोडीदाराची नोकरी व शहरातील वेतन यांमुळे परतणे कठीण होते.

रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविण्याबद्दल मोबदला घेण्याची प्रथा 'कट प्रॅक्टिस' या नावाने ओळखली जाते. कौटुंबिक डॉक्टरच्या विश्वासार्हतेस तिचा थेट धक्का बसतो, कारण कोणाकडे जावे हा निर्णय रुग्ण त्याच्यावर सोपवितो. २०१७ मध्ये या प्रथेविरुद्ध राज्यात कायद्याचा मसुदा तयार करण्यात आला होता. डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांनी प्रामाणिक डॉक्टरांच्या मुलाखतींतून या प्रश्नाची मांडणी केली आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांच्या प्रश्नासाठी राज्यात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे.

कौटुंबिक वैद्यकाच्या अभ्यासकांकडून व संघटनांकडून काही उपाय सातत्याने सुचविले जातात. वैद्यकीय महाविद्यालयांत या शाखेचे स्वतंत्र विभाग, जिल्हा रुग्णालयांत पदविकेच्या अधिक जागा, सेवेतील डॉक्टरांना रुग्णसेवा न सोडता मिळणारी पदोन्नती आणि व्यवसाय सुरू ठेवून घेता येणारे मान्यताप्राप्त प्रशिक्षण हे त्यांतील प्रमुख होत. परभणी येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे यांपैकी जिल्ह्यातच प्रशिक्षण देण्याच्या उपायास आवश्यक असलेला पाया उपलब्ध झाला आहे. पाथरीसारख्या गावास त्याचा लाभ मिळणे हे तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना तालुक्यात राहून पुढे जाण्याची वाट कितपत मिळते, यावर अवलंबून राहील.